दोनशे आलेखवह्या आणि कललेली इमारत

आमच्या हिला एक आलेखवही हवी होती. एक. हा आकडा मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिगत ऐकून लोक विचारतात, "पण मुळात तुम्हाला हवं काय होतं?"

आमच्या इमारतीला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्त जिन्याजवळच्या मोकळ्या भिंतीवर काहीतरी लावावं, असं सोसायटीच्या सभेत निघालं. 'काहीतरी' म्हणजे काय, यावर दीड तास खल झाला. शेवटी ही म्हणाली की मी इमारतीचंच चित्र क्रॉस स्टिचमध्ये भरून देते. म्हणजे बाकी कोणालाच काही करावं लागणार नव्हतं, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

आता या भरतकामाचं असं असतं की कापडाला सुई लावायच्या आधी सगळं चित्र चौकोनांच्या कागदावर काढून घ्यावं लागतं. एक चौकोन म्हणजे एक टाका. चार मजले, बत्तीस खिडक्या, सोळा बाल्कन्या आणि गच्चीवरची पाण्याची टाकी. चुकलं की खोडायचं, परत मोजायचं, परत काढायचं. वही तीन-चार महिने रोज हाताखालून जाणार.

"येताना एक आलेखवही आणाल का?" ही म्हणाली. "जरा टिकाऊ बघा. आणि फार महाग नको."

मी एका विमा कार्यालयात आवक-जावक विभागात आहे. आयुष्य कागदातच गेलेलं, त्यामुळे कागदाची मला पारख आहे असा माझा समज होता.

पहिली वही मी ऑफिसजवळच्या दुकानातून आणली. हिने दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी काढली, ती चुकली म्हणून रबर फिरवलं, तर खिडकीच्या जागी भोक पडलं.

"खिडकी उघडली," मी म्हणालो.

ही हसली नाही. दुसऱ्या वहीचं रबराशी जमलं, पण रंगीत पेनाशी वाकडं होतं. बाल्कनीतल्या कुंड्यांना दिलेला हिरवा रंग पार पाचव्या पानावर उगवला. तिसऱ्या वहीचा कागद खरोखर चांगला होता, पण सगळी वही एका पिनेवर उभी होती. मधलं पान उघडलं आणि पत्त्यांचा कॅट सुटावा तशी वही हिच्या मांडीवर पसरली. चौथ्या दुकानदाराने "आलेख म्हणजे चौकोनच ना" असं म्हणत पहिलीतल्या मुलांची अंकांची वही माझ्या हातात ठेवली. तिच्यातला एकेक चौकोन अंगठ्याएवढा. "यावर इमारत काढली तर चित्र गच्चीवरून खाली सोडावं लागेल," ही म्हणाली. पाचव्या दुकानात मात्र हवी तशी वही होती. ती काचेच्या कपाटात होती, आणि दुकानदाराने हात पुसून मग ती बाहेर काढली. मी किंमत ऐकली आणि एक पेन्सिल घेऊन घरी आलो.

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती की वरच्या मजल्यावरच्यांना वही मिळत नाहीये. लोक जिन्यात थांबवून सल्ला देऊ लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, कागदावर मेणबत्ती घासून इस्त्री फिरवा, मग फाटत नाही. त्यांच्या बोलण्यात इतका विश्वास होता की मी ते केलं. कागद फाटला नाही. तो इस्त्रीला चिकटला आणि त्या आठवड्यात मी ऑफिसला ज्या शर्टात गेलो त्याच्या पाठीवर फिकट निळे चौकोन होते.

खरा सल्ला दिला तो मोजणीकाकांनी. काका तळमजल्यावर राहतात. चौतीस वर्षं जमीन मोजणी खात्यात काढून नऊ वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, आणि गेली नऊ वर्षं त्यांना मोजायला काही मिळालेलं नाही.

"वही विकत घ्यायची नसते," काका म्हणाले. "बांधून घ्यायची असते. आमच्या खात्याला वह्या पुरवणारा एक छापखाना आहे. जा, माझं नाव सांग."

मी गेलो. छापखानेवाल्याला काकांचं नाव आठवलं नाही, पण माणूस कसबी होता. त्याने चार तऱ्हेचे कागद काढले आणि एकेक माझ्या कानाजवळ धरून फडफडवला.

"हा ऐका," तो म्हणाला. "आता हा. फरक कळला?"

मला काही कळला नाही. पण कागदाच्या बाबतीत माघार घ्यायची नाही म्हणून मी तिसरा कागद पुन्हा ऐकायला मागितला आणि तोच पसंत केला.

"किती वह्या?"

"एक."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "एका माणसासाठी कोणी आगगाडी सोडतं का? दोनशेच्या खाली यंत्राला हात लावता येत नाही. आणि दोनशे घेतल्यात तर एकेक वही तुम्हाला बाजारापेक्षा स्वस्त पडेल."

टिकाऊ हवी होती आणि महाग नको होती. दोन्ही अटी इथे पूर्ण होत होत्या. घरातून निघताना तिसरी अट कोणी घातली नव्हती. दोन दिवसांनी त्याने नमुन्याचं पान दाखवलं आणि सही मागितली. मी मुखपृष्ठावरचं शुद्धलेखन तपासलं, एक वेलांटी दुरुस्त केली आणि सही केली. आतल्या चौकोनांकडे पाहिलं नाही. चौकोनात काय शुद्धलेखन बघायचं.

वह्या आल्या त्या दिवशी हिने आधी त्यांच्यासाठी जागा शोधायला घेतली. पलंगाखाली शंभर बसल्या, फ्रिजवर साठ, उरलेल्या बाथरूमच्या माळ्यावर. पण मग तिने एक उघडली. वीस वेळा रबर फिरवलं, कागदाला काही झालं नाही. पेनाची शाई फुटेना. माझ्या हातून चहा सांडला, तो फडक्याने पुसला तर डागही नाही. शिवण इतकी पक्की की वही उलटी धरून झटकली तरी एक पान हललं नाही.

"छान आणलीत हं," ही म्हणाली. हे वाक्य पुढे आठ दिवस मी ऑफिसात मनातल्या मनात वापरलं.

चित्राला मापं दिली मोजणीकाकांनी. जुनी टेप काढून त्यांनी आठवडाभर इमारत मोजली, वाकून, चढून, एकदा तर पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांच्या बाल्कनीतून अर्धे बाहेर येऊन. माणूस दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला. हिने त्यांच्या मापांवरून चौकोन मोजत मोजत इमारत कागदावर चढवली. चित्र पूर्ण झाल्यावर काका गुण्या घेऊन तपासायला आले. गुण्या म्हणजे काटकोन बघायचं साधन, ते त्यांनी निवृत्त होतानाही खात्याला परत केलं नव्हतं. त्यांनी तो इमारतीच्या पायाला लावला, कडेच्या भिंतीला लावला, चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"सूनबाई," ते म्हणाले, "इमारत कललीय."

"कुठली?"

"आपली. पूर्वेला. वरच्या टोकाला दीड हात."

"माझंच काहीतरी चुकलं असेल, काका."

"मापं माझी आहेत," काका म्हणाले. याच आवाजात त्यांनी चौतीस वर्षं भावाभावांची शेतं वेगळी केली असणार.

मी खाली जाऊन रस्त्यापलीकडून इमारत पाहिली. एक डोळा मिटून पाहिली. एक सांगतो, कुठलीही इमारत मान तिरकी करून दहा मिनिटं बघितली तर ती कलतेच. संध्याकाळपर्यंत माझ्या शेजारी अकरा माणसं मान तिरकी करून उभी होती.

मग एकेकाला पुरावे सापडू लागले. पहिल्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, त्यांचं दार गेली कित्येक वर्षं आपोआप लागतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं तव्यातलं तेल म्हणे नेहमी एकाच बाजूला जायचं. एकाचा डावा बूट उजव्याच्या आधी झिजत होता, त्याचं कारण त्याला आज कळलं. सेक्रेटरींनी तातडीची सभा बोलावली. नेहमी सभा गच्चीवर होते, पण वर वजन वाढवायला कोणी तयार होईना. शेवटी सभा समोरच्या फुटपाथवर भरली. इमारतही नजरेसमोर राहील, असं सेक्रेटरी म्हणाले.

त्या सभेत 'कल निवारण समिती' नेमली गेली आणि अध्यक्ष म्हणून माझं नाव आलं. दोष सापडला तो माझ्या वहीमुळे, असं काकांनीच सांगितलं. बारा वर्षं मी या इमारतीत राहतो. तेवढ्या काळात लोकांनी मला आपण होऊन हाक मारली ती फक्त टाकी भरून वाहते आहे हे सांगायला. त्या दिवशी सेक्रेटरी मला "साहेब" म्हणाले आणि कोणीतरी माझ्यासाठी घरातून खुर्ची आणली. फुटपाथवर बाकी सगळे उभे आणि मी बसलेला. याचा परिणाम माणसावर होतो. मी ताबडतोब आदेश काढला की पूर्वेकडच्या बिऱ्हाडांनी कपाटं पश्चिमेच्या भिंतीला सरकवावीत आणि पुढील सूचना मिळेपर्यंत जाडजूड पाहुणे बोलावू नयेत. दोन दिवस इमारतभर कपाटं सरकण्याचा आवाज येत होता.

पालिकेत अर्ज दिला. खिडकीवरच्या कारकुनाने सांगितलं की इमारतीचा आराखडा दोन प्रतींत जोडा, आलेखकागदावर, कागद टिकाऊ हवा, मागचा एक अर्ज फायलीतच फाटला. माझ्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते त्याने त्या खिडकीत कधी पाहिलं नसावं. मी आराखडे दिलेच, वर त्यांच्या विभागाला सहा वह्या भेट दिल्या.

पालिकेचे इंजिनियर आले. त्यांनी गच्चीवरून ओळंबा सोडला. दोरी भिंतीला समांतर, सुतासारखी सरळ. त्यांनी चारही बाजूंनी सोडला. चारही बाजू सरळ. आम्ही सगळे थोडे खट्टूच झालो. पण चार दिवसांनी मी चौकशीला गेलो तेव्हा कारकुनाने फाइल उघडून दाखवली. इंजिनियरांच्या मापांवरून त्यांच्या नकाशा काढणाऱ्याने भेट मिळालेल्या वहीत इमारत काढली होती, आणि ती पूर्वेला दीड हात कललेली होती.

"साइटवर सरळ आहे," कारकून म्हणाला, "आणि कागदावर कललेली."

"मग खरं काय धरायचं?"

"साइट फायलीला जोडता येत नाही," तो म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात फाटकावर नोटीस लागली. तपासणीसाठी पंधरा दिवसांत इमारत रिकामी करावी. तोपर्यंत सगळं कपाटं सरकवण्यापर्यंत होतं. आता सोळा बिऱ्हाडांचा प्रश्न होता.

रविवारी सकाळी मी नोटिशीची नक्कल हातात घेऊन बसलो होतो. समोर ही टाके घालत होती. गेले तीन महिने तिचं काम चालू होतं, कल असो वा नसो. ती गच्चीपर्यंत पोचली होती.

"जरा धरा," म्हणत तिने कापड माझ्या गुडघ्यांवर पसरलं.

मी पाहिलं. कापडावरची इमारत ताठ उभी होती.

"तू यात काही दुरुस्ती केलीस?"

"छे. वहीत जितके चौकोन तितके टाके. एक इकडे नाही की तिकडे नाही."

मी वही घेतली. कोरं पान काढलं आणि नोटिशीचा कोपरा ठळक रेघांच्या एका मोठ्या चौकोनात बसवून पाहिला. बसेना. खाली टेकला की वरून फट राहायची. फ्रिजवरची एक वही काढली, पलंगाखालच्या चार काढल्या. मग स्टूल घेऊन माळ्यावर चढलो. हिने सुई कापडाला खोचून ठेवली आणि माझ्या हातातली वही घेतली.

"हे चौकोन नाहीतच," ती म्हणाली. "सगळे जरासे आडवे झालेत. दमल्यासारखे."

मी स्टुलावरच बसलो. किती वेळ बसलो कोण जाणे. खोटं कशाला बोलू, त्यातला बराचसा वेळ मी त्या फुटपाथवरच्या खुर्चीचा विचार करत होतो.

"सांगणार ना?" हिने विचारलं.

"सांगतो. योग्य वेळ बघून सांगतो."

"खालच्या मास्तरांनी भाड्याची जागा बघितलीय. त्यांची आई विचारत होती, मी या वयात कुठे जाऊ म्हणून. कालपासून भांडी बांधतायत."

मी उठलो.

फुटपाथवर सभा भरली. मी उभं राहून सांगितलं की इमारत सरळ आहे, वह्या वाकड्या आहेत, नमुन्यावर सही माझी आहे आणि मी ते पान नीट बघितलं नव्हतं. एवढं सरळ बोलणं मी आजवर कुठल्याच सभेत केलं नव्हतं. कोणाचाही विश्वास बसला नाही.

"साहेब, तुम्ही थकलात," सेक्रेटरी म्हणाले. "जबाबदारीचा ताण येतो. बसा तुम्ही."

"मग माझं दार का लागतं?" मास्तरांनी विचारलं.

मोजणीकाका उभे राहिले. "मी चौतीस वर्षं मोजणी केली," ते म्हणाले. "कागद वाकडा असता तर मला कळलं नसतं?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण खिशातल्या गुण्यावरचा हात निघत नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला फक्त एक खुर्ची सोडायची आहे, काकांना चौतीस वर्षं.

तेवढ्यात ही खाली आली. तिने आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी कापडाची दोन टोकं धरून ते इमारतीसमोर उघडलं. सगळ्यांनी कापड पाहिलं, इमारत पाहिली, पुन्हा कापड पाहिलं. दोन्हींत तीळभर फरक नव्हता. मग कापड बाईंच्या हाती देऊन ही काकांजवळ गेली आणि तिने एक नवी वही पुढे केली.

"काका, यात मी एक रेघही ओढलेली नाही. तुम्हीच बघा."

काकांनी गुण्या काढला आणि चौकोनाला लावला. पान उलटलं. परत लावला. असं सात-आठ पानांना केलं.

"छापणाऱ्याने तिरकं छापलंय," काका शेवटी म्हणाले. मग जरा हळू, "आणि मी बघितलं नाही. गुण्या भिंतीला लावला. चौकोनाला लावायचं डोक्यातच आलं नाही."

"मी तरी कुठे बघितलं," ही म्हणाली. "तीन महिने नाक खुपसून बसलेय त्यात."

काकांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "पण मापं बरोबर होती ना?"

"सगळी," ही म्हणाली. "म्हणून तर कापडावर सरळ आली."

छापखानेवाल्याकडे मी जाऊन आलो. त्याने वही डोळ्यांपुढे न धरता कानाशी धरली, पान फडफडवलं आणि "आवाज तर सरळ आहे" म्हणाला. मग त्याने मी सही केलेलं नमुन्याचं पान काढून दाखवलं. सही माझीच होती, आणि ती मात्र अगदी सरळ होती.

पालिकेचं जरा अवघड गेलं. कारकुनाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की कल नव्हताच, असा अर्ज त्यांच्याकडे नाही. कल दुरुस्त झाला, असा आहे. त्यात 'दुरुस्तीची पद्धत' असा रकाना होता. मी लिहिलं, "कागद बदलून." त्याने वाचलं, 'कागद' खोडलं आणि वर 'सदोष घटक' लिहिलं. "असं बरं दिसतं," तो म्हणाला. त्याने स्वतःच्या टेबलातला कागद काढून दिला, मी त्यावर नकाशा उतरवला, इमारत सरळ आली आणि नोटीस उठली. प्रमाणपत्र टपालाने आलं. सदर इमारत सरळ करण्यात आली आहे, आणि सरळ करणारा म्हणून खाली माझं नाव.

मास्तरांनी बांधलेली भांडी सोडली. कपाटं परत सरकली. पंचविसाव्या वर्षाचा समारंभ ठरल्या दिवशी झाला. चित्र भिंतीवर लागलं, आणि अवाजवी कौतुक नको म्हणून एवढंच सांगतो की येणारा-जाणारा पाच मिनिटं तिथे थांबून आपली खिडकी शोधत होता. मग सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. त्यांनी प्रमाणपत्र वाचून दाखवलं आणि इमारत सरळ करून दिल्याबद्दल माझा सत्कार केला. टाळ्या झाल्या. ही मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होती. चित्र कोणी केलं, हे सांगायचं सेक्रेटरींच्या ध्यानातच नव्हतं.

मी उठलो आणि म्हणालो, "मी काही सरळ केलेलं नाही. इमारत पंचवीस वर्षं सरळच उभी आहे. मी दोनशे वाकड्या वह्या आणल्या, एवढंच माझं कर्तृत्व. तसल्या वहीतून हिने छत्तीस हजार टाके घालून सरळ इमारत काढली. सत्कार करायचा तर तिचा करा."

मग मोजणीकाका उभे राहिले आणि हिच्याकडे तोंड करून टाळ्या वाजवू लागले. बाकीचे त्यांच्यामागून उठले. ही पदराशी चाळा करत खाली बघत होती, पण मधेच तिने माझ्याकडे बघितलं, ते मी बघितलं.

समारंभ संपल्यावर मास्तरांनी माझा हात धरला. "तुमचा विनय कळला आम्हाला," ते म्हणाले. "पण काहीही म्हणा, जिना आता चढायला सोपा वाटतो."

त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता. आम्ही दोघं वर निघालो. दुसऱ्या मजल्यावर ही थांबली, कठड्यावर हात ठेवून मागच्या पायऱ्यांकडे बघत राहिली.

"काय झालं?" मी विचारलं. "दमलीस?"

"नाही हो," ती म्हणाली. "खरंच सोपा वाटतोय."